थंड रक्ताच्या रहिवाशाची सोय

प्राणिमात्रांचे दोन वर्ग आहेत. एक थंड रक्ताचे, दुसरे गरम रक्ताचे. थंड रक्ताच्या प्राण्यांना स्वतःची ऊब तयार करता येत नाही, ती त्यांना बाहेरून पुरवावी लागते. गरम रक्ताचे प्राणी आपली ऊब आपणच तयार करतात, तेव्हा त्यांना कोणी काही पुरवण्याचं कारण नाही. ही निसर्गाची व्यवस्था आहे, आणि ज्या घराला ती नीट समजली त्या घरात कुरबुरी होत नाहीत. असं एक घर आमच्या माहितीत आहे.

घरात माणसं चार. कर्ते पुरुष निवासस्थान वाटप कार्यालयात उपअधीक्षक. कोणत्या कर्मचाऱ्याला किती खोल्यांचं घर, कितव्या मजल्यावर आणि कधी मिळायचं, हे ठरवणं त्यांच्याकडे. (घर मिळेपर्यंत बहुतेक कर्मचारी निवृत्त होतात, पण यादीतलं त्यांचं स्थान शेवटपर्यंत अबाधित राहतं.) बायको विमा कचेरीत. अकरा वर्षांची मुलगी, तिला सगळे चिंगी म्हणत. आणि चौथे उपअधीक्षकांचे वडील. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळून ते निवृत्त झाले होते, म्हणून सगळी इमारत त्यांना बॉयलरवाले आजोबा म्हणायची. सहा मजले, चारशे खाटा, आणि छत्तीस हिवाळ्यांत एकाही रोग्याने पाय गार पडल्याची तक्रार केली नव्हती. एका वर्षी कोळसा संपला तेव्हा आजोबांनी कचेरीतल्या मोडक्या खुर्च्या जाळून बाळंतिणींचा मजला गरम ठेवला होता. त्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी अजून जपून ठेवली होती. एवढं चांगलं प्रशस्तिपत्र त्यांना दुसरं कोणी दिलं नव्हतं.

घरातली उत्तरेकडची खोली आजोबांची. तिची खिडकी लागत असे, पण बोटभर फट ठेवून. पहिल्या हिवाळ्यात आजोबांनी हीटरचा विषय काढला, तेव्हा उपअधीक्षकांनी सांगितलं, की घराच्या वायरिंगला तेवढा लोड झेपणार नाही. दुसऱ्या हिवाळ्यात बाब विचाराधीन होती. तिसऱ्या हिवाळ्यात ते म्हणाले, "बाबा, खोली तशी ठीक आहे हो. वयामुळे तुम्हाला थंडी जास्त वाजते." आजोबांनी यावर विचार केला आणि त्यांना ते पटलं. वय होतंच. चौथ्या हिवाळ्यात त्यांनी विषय काढला नाही.

चौथ्या हिवाळ्यात सरडा आला.

चिंगीच्या मैत्रिणीच्या वडिलांची दूरच्या गावी बदली झाली. सामान गेलं, माणसं गेली, सरडा राहिला. चिंगीने त्याला बुटांच्या खोक्यात घालून घरी आणलं. दोन महिन्यांचं पिल्लू, वीतभर लांब, कुठल्याशा दूरच्या वाळवंटातल्या जातीचं, गळ्याखाली काट्यांची दाढी. सूनबाईंनी खोक्याचं झाकण उघडलं आणि तितक्याच वेगाने लावलं.

"पाल! घरात पाल आणलीस?"

"आई, पाल नाही, सरडा आहे."

"मग फरक काय?"

"पाल आपल्या पायांनी येते," आजोबा म्हणाले. "सरडा वशिल्याने येतो."

उपअधीक्षकांनी चिंगीकडून लेखी अर्ज मागवला. अर्जदार चिंगी, लाभार्थी सरडा. अर्जाला त्यांनी फाइल केली, फाइलीला क्रमांक दिला, आणि मग खोक्याबरोबर आलेलं छोटं पुस्तक चष्मा लावून वाचायला घेतलं. ते एका बैठकीत वाचून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते कार्यालयातल्या लोकांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असा अर्जदार मिळाला होता, ज्याला घर वेळेत दिलं नाही तर तो खरोखर मरणार होता.

पुस्तकानुसार लाभार्थ्याच्या गरजा माफक होत्या. चार फुटी काचेची पेटी. पेटीचं एक टोक गरम, चाळीस अंशांच्या आसपास, आणि दुसरं थंड, पंचवीस अंश, म्हणजे त्याला हवं तेव्हा हवं तिथे बसता यावं. दिवसाचे बारा तास सूर्यासारखी किरणं देणारा दिवा. खाली वाळू नको, पिल्लू ती गिळतं आणि पोट तुंबतं. साधी फरशी बरी. चढायला एक फांदी. आणि एकांतासाठी एक गुहा. (उपअधीक्षकांना स्वतःला गुहा नव्हती. ते वर्तमानपत्र न्हाणीघरात वाचत.)

जागा ठरवण्यासाठी एका रविवारी घराची पाहणी झाली. उपअधीक्षक हातात थर्मामीटर, टेप आणि वही घेऊन खोलीखोलीतून फिरले. उत्तरेकडच्या खोलीत आजोबा खाटेवर बसले होते.

"बाबा, जरा पाय वर घ्या."

आजोबांनी पाय वर घेतले. उपअधीक्षकांनी खाटेखालून टेप नेली, थर्मामीटर भिंतीला धरून पाच मिनिटं उभे राहिले, खिडकीच्या फटीत बोट घालून पाहिलं आणि वहीत लिहिलं: तापमान तेरा. ओल आहे. खिडकी सदोष. शेरा: सजीवांच्या वास्तव्यास अयोग्य.

"काय लिहिलंस?"

"इथे नाही ठेवता यायचं."

"का रे?"

"मरेल तो."

"अरेरे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पाय खाली सोडले.

अखेर दिवाणखान्यातली पूर्वेची खिडकी निवडली गेली. सकाळचं ऊन तिथे दोन तास टिकतं. त्या उन्हात आजोबांची वेताची खुर्ची असायची. ती तात्पुरत्या स्वरूपात चपलांच्या मांडणीशेजारी हलवण्यात आली. (तात्पुरत्या स्वरूपाची मुदत कार्यालयीन भाषेत नमूद करायची नसते.)

वायरमन आला. उपअधीक्षकांनी काळजीने विचारलं, "दोन दिवे आहेत, शिवाय वरून ऊब देणारं एक यंत्र. लोड झेपेल ना?"

वायरमनने मुख्य पेटी उघडून आत डोकावलं आणि तो हसला. "साहेब, लोडला काय धाड भरलीय? या वायरिंगवर तुम्ही पिठाची गिरणी चालवाल. यंत्राचं काय घेऊन बसलात? प्रत्येक खोलीत एकेक हीटर लावा, वायर हूं की चूं करणार नाही."

सूनबाईंना एकाएकी चहाची आठवण झाली. उपअधीक्षक फाइल चाळू लागले. आजोबा चपलांशेजारी बसून वायरमनच्या हातातल्या पकडीकडे बघत राहिले. एका कारागिराने दुसऱ्याचं हत्यार बघावं तसं.

उपअधीक्षकांनी तापणारा एक दगडही मागवला होता. सरडा त्यावर बसणार आणि पोटाखालून शेकला जाणार, अशी योजना. आजोबांनी दगड उलटापालटा करून पाहिला.

"हा परत कर. खालून भाजतात ती वीट. जिवाला ऊब वरून लागते. सूर्य कुठे असतो?"

"बाबा, हे तुमच्या कोळशासारखं नसतं. याचं शास्त्र आहे."

चिंगीने पुस्तक उघडलं. नवव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत हेच होतं: तापणारे दगड वापरू नयेत, पोट भाजतं. दगड परत गेला आणि आजोबांची नेमणूक झाली. पद: तापमान नोंदणीकर्ता (मानद). काम: सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पेटीच्या दोन्ही टोकांचं तापमान वाचून वहीत लिहिणं. आजोबांनी वहीवर रेघा मारल्या, पेन्सिलीला टोक काढलं आणि निवृत्तीनंतर प्रथमच ठरल्या वेळी दाढी केली.

सरड्याच्या आगमनाने घरात ज्या सुधारणा झाल्या त्यांतली एक सूनबाईंच्या खात्यातली. चौदा वर्षं त्यांनी झुरळांशी वैर केलं होतं. फवारे, गोळ्या, चप्पल. आता त्याच झुरळांचा भोकाभोकांचा डबा ओट्याखाली राहू लागला. लाभार्थ्याच्या पोटात सकस जावं म्हणून त्या झुरळांना गाजर किसून घालत. स्वयंपाकघरात एखादं सुटं झुरळ दिसलं तर चप्पल उचलण्यापूर्वी ते घरचं की बाहेरचं, याची चौकशी होऊ लागली.

एका संध्याकाळी सगळे जेवत असताना चिंगी पुस्तकातलं मोठ्याने वाचत होती.

"‘थंडी वाजत असली तरी हा प्राणी तक्रार करत नाही. तो फिरणं कमी करतो. त्याचं जेवण निम्म्यावर येतं. कोपरा धरून, डोळे मिटून बसून राहतो. पुष्कळ मालकांना वाटतं, त्याचा स्वभावच शांत आहे.’"

उपअधीक्षक आणि सूनबाई दोघांनीही हातातला घास तसाच ठेवून पेटीकडे पाहिलं. सरडा फांदीवर चढून, मान ताठ करून, खिडकीवर बसलेल्या माशीला डोळे दाखवत होता.

"छे, तसं काही नाही," उपअधीक्षक म्हणाले. "चपळ आहे चांगला."

चपलांशेजारच्या खुर्चीत शाल गुंडाळून आजोबा डोळे मिटून बसले होते. पुढ्यातलं ताट अर्धं तसंच होतं. चिंगीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. ती उठली आणि आपले लोकरी मोजे घेऊन आली. ते आजोबांच्या पायात शिरेनात, म्हणून त्यांनी ते हातात घातले आणि संध्याकाळची नोंद तशीच केली. त्या दिवसाचा चाळीस हा आकडा वहीत जरा फुगलेला दिसतो, त्याचं कारण हे.

मग तो आठवडा आला, जेव्हा नळाचं पाणी हाताला चावत होतं. एका सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रस्त्याच्या टोकाला मोठा आवाज झाला आणि सगळ्या भागाची वीज गेली. घरात आजोबा एकटेच होते. पेटीतला दिवा विझला.

आजोबांनी घड्याळ पाहिलं, मग पेटीतला थर्मामीटर. एक्केचाळीस. पाव तासाने चौतीस. अर्ध्या तासाने अठ्ठावीस. काच ऊब धरत नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते कार्यवृत्तात आलं नव्हतं. त्यांनी गॅसवर पाणी उकळलं, बाटल्या भरल्या, टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवल्या. बाटल्या निवत गेल्या. सव्वाबारापर्यंत आकडा एकवीसवर आला. सरड्याचा रंग काळपट पडला, त्याने डोळे मिटले आणि तो कोपऱ्यात जाऊन बसला.

छत्तीस वर्षांत आजोबांनी काटा खाली येऊ दिला नव्हता, आणि आता साऱ्या घरात जाळण्याजोगी मोडकी खुर्ची एकच होती. ती वेताची होती आणि त्यांची स्वतःची होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही. पण मग त्यांच्या लक्षात आलं, की घरात अजून एक भट्टी आहे, जी बाहेरून वीज घेत नाही.

त्यांनी सरड्याला अलगद उचललं आणि बनियनच्या आत, पोटावर ठेवलं. वरून सदरा, स्वेटर, कोट, शाल आणि चिंगीची रजई. नखं लागली, पण बॉयलरवाल्याच्या कातडीला नखांचं काय!

एक वाजता मोबाइल वाजला. उपअधीक्षक कार्यालयातून बोलत होते.

"बाबा, आपल्याकडे वीज गेलीय म्हणे. सरड्याचं काय?"

"माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"बनियनमध्ये."

"तिथे तापमान किती?"

"सदतीस."

"स्थिर आहे?"

"अठ्ठ्याहत्तर वर्षं स्थिर आहे."

"उत्तम! उत्तम! हलू नका तुम्ही."

आजोबा संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. (एकदा हलले. कारण नोंदवलेलं नाही.) त्यांनी दुपारचं जेवण घेतलं नाही, कारण ते गरम करायला उठावं लागलं असतं. दिवाणखाना बारा अंशांवर उतरला. ते सरड्याशी बोलत राहिले, बहुतेक दाबाबद्दल आणि वाफेबद्दल. जुन्या फोरमनबद्दलही, सभ्य भाषेत नव्हे. साडेतीनच्या सुमारास पोटावर काहीतरी हललं आणि वर सरकलं.

सहा वाजता सगळी परतली तेव्हा आजोबांच्या सदऱ्याच्या कॉलरमधून एक काटेरी दाढी बाहेर आली होती आणि दोन उघडे डोळे आल्यागेल्यावर लक्ष ठेवून होते. चिंगी आजोबांच्या गळ्यात पडायला धावली आणि मध्ये सरडा आहे हे बघून थबकली. सूनबाईंनी फोटो काढला. मग वीज आली.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर घरी बोलावण्यात आले. त्यांनी सरड्याला अर्धा तास तपासलं, तोंड उघडून पाहिलं, वजन केलं. "ठणठणीत आहे," ते म्हणाले. एवढ्यात उत्तरेकडून खोकल्याचा आवाज आला.

"हा कोण?"

"वडील आहेत."

"त्यांना दाखवा कुणाला तरी. छातीत उतरलेला वाटतो."

"आलाच आहात तर तुम्हीच बघता का?" उपअधीक्षकांनी विचारलं.

"मला परवानगी नाही हो," डॉक्टर खेदाने म्हणाले. त्यांना गरम रक्ताचे रोगी चालत, पण चार पायांचे.

त्या आठवड्यात उपअधीक्षकांनी आपत्कालीन योजना तयार केली. पुन्हा वीज गेली तर पेटीशेजारी सदैव सज्ज ठेवायच्या वस्तू: जादा दिवे दोन, बॅटरी एक, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या चार, वडील एक. योजनेत पुढे म्हटलं होतं, की यादीतला शेवटचा उष्णतास्रोत सध्या तेरा अंशांच्या खोलीत साठवला जात असून त्यामुळे त्याची क्षमता घटण्याचा संभव आहे. सबब त्याची खाट दिवाणखान्यात हलवावी आणि स्रोत कार्यक्षम राहण्यासाठी शेजारी एक हीटर बसवावा. तीन हिवाळे जी बाब अडली होती ती तीन दिवसांत मंजूर झाली. यावरून सिद्ध होतं, की यंत्रणा संथ नसते. तिला फक्त योग्य लाभार्थी दाखवावा लागतो.

उपअधीक्षक योजनेचा कागद घेऊन आजोबांकडे गेले. आजोबांनी तो सावकाश वाचला. ‘वडील एक’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, मग पुढे सरकलं.

"चांगलं लिहिलंयस. सही करण्याआधी वही तपासून घे. महिना संपलाय."

उपअधीक्षकांनी नोंदवही उघडली. रेघा सरळ, आकडे टपोरे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पण प्रत्येक दिवसासमोर आकडे दोन नव्हते, तीन होते. एक्केचाळीस, पंचवीस, तेरा. चाळीस, सव्वीस, बारा. एक्केचाळीस, पंचवीस, अकरा.

"बाबा, हा तिसरा रकाना कशाचा?"

"थंड टोकाचा."

"थंड टोक पंचवीस आहे ना? ते दुसऱ्या रकान्यात आहे."

"ते पेटीचं," आजोबा म्हणाले. "हे घराचं."

उपअधीक्षकांनी पानं उलटली. पहिल्या दिवसापासून होता तो रकाना. दर पानाखाली तपासणी अधिकारी म्हणून त्यांचीच सही होती. मग ते उठले, उत्तरेच्या खोलीत गेले आणि दार ओढून खाटेवर बसले. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा दोन्ही हात काखेत होते.

"तिथे खरंच फार थंडी आहे हो, बाबा."

"हो का? मला वाटलं वयामुळे वाटत असेल. तूच म्हणाला होतास."

उपअधीक्षकांनी पेन काढलं. ‘वडील एक’ ही ओळ त्यांनी खोडली. माणसाला सांगण्यासारखं बरंच काही त्यांच्याकडे होतं, पण वीस वर्षांत त्यांना एकच भाषा लिहिता येऊ लागली होती. शेवटी त्यांनी तिच्यातच लिहिलं: प्रतीक्षा यादीतून थेट वाटप. जागा: पूर्वेची खिडकी. कारण: ज्येष्ठता. खाली सही केली. त्यांच्या कारकिर्दीत अर्जदार हयात असताना ज्येष्ठतेने झालेलं हे पहिलंच वाटप.

आजोबांनी कागद वाचला, घडी घातली आणि जुन्या ताकिदीच्या पाकिटात ठेवला. मग ते खोकले, आणि खोकल्याआडून म्हणाले, "खाट उचलायला एक बाजू तू धर."

ही हकीकत आम्ही आजवर बारा जणांना वाचून दाखवली आहे. सगळे सुशिक्षित, कुटुंबवत्सल, वयस्कांविषयी आदर बाळगणारे. सात जणांनी विचारलं, सरडा आता केवढा झाला. चौघांनी विचारलं, तो बनियनमधला फोटो आहे का. एकाने वायरमनचा नंबर मागितला. म्हाताऱ्याचा खोकला थांबला की नाही, हे कोणालाही विचारावंसं वाटलं नाही. (थांबला; सतरा दिवस लागले.)

तुम्ही तेरावे. फोटो आहे. पाठवतो.